मोपा ते सोलापूर, तासाभराचं अंतर

अणदूरच्या स्टँडवर आबा, माझे वडील, मला सोडायला आले, तेव्हा त्यांनी कसलाही उपदेश केला नाही. आई मी लहान असतानाच गेलेली, त्यामुळे रडायलाही कोणी नव्हतं. हायवेवर बस दिसली तसे ते एवढंच म्हणाले, "देव बी जाताना लिहून देतो, कवा येणार ते. तू काय लिहून दिलंस?"

मी हसले. आमचा खंडोबा वर्षातले दहाएक महिने अणदुरात आणि दोनेक महिने शेजारच्या नळदुर्गला राहतो. न्यायची वेळ झाली की दोन्ही गावचे मानकरी बसतात, परत कधी आणायचं याचा लेखी करार होतो, मगच पालखी हलते. ठरल्या दिवशी तो येतो. येणार का म्हणून त्याला कुणी विचारत नाही.

मी काहीच लिहून न देता गोव्याला आले, म्हापशाजवळ औषधांच्या कारखान्यातल्या लॅबमध्ये. आता सकाळी पाववाल्या पोदेराच्या भोंग्यानं जाग येते, चहात उंडो पाव बुडवते, आणि 'काय'ऐवजी 'कितें' तोंडात इतकं बसलंय की फोनवर आबांनाही म्हणून जाते. ते म्हणतात, "मराठीत बोल की गं." गावी जायचं म्हणजे बारा-तेरा तास बस, घाट, वर सोलापूरहून एसटी. "लई लांब पडतं, आबा," हे वाक्य मी इतकी वर्षं वापरलं की मलाच ते खरं वाटायला लागलं. गाव सोडून गेलेल्या तुमच्यापैकी प्रत्येकाकडे असं एखादं वाक्य असेल. माझं एका बातमीनं गेलं.

गोव्यातल्या मोपा विमानतळावरून सोलापूरला विमान सुरू होणार होतं. छोटं, पंख्यांचं. पट्टा बांधून जरा बाहेर बघावं तर उतरायची सूचना होते. तासाभराचं काम. बातमी वाचून, खरं सांगते, मला आनंद झाला नाही. आबांना मी काही बोललेच नाही. पण पेपर त्यांच्याकडेही येतो.

विमान सुरू झालं त्या दिवशी मी लॅबमध्ये होते. फोन वाजला.

"विमान आलं बघ. समदी उतरली. तू कुठं हायस?"

आबा एसटीनं सोलापूरला येऊन विमानतळाच्या फाटकाबाहेर उभे होते. फडक्यात स्वतः थापलेल्या भाकरी आणि शेंगांची चटणी. मी येणार असं कुणीच म्हटलं नव्हतं. वाट जवळची झाली म्हणजे लेक येणार, इतकं त्यांना सरळ वाटलं होतं.

"सुट्टी मिळाली नाही, आबा," मी म्हणाले. सुट्टी मी मागितलीच नव्हती.

"बरं बरं. मग भाकर म्याच खातो."

मला लाज वाटली. त्या दिवशी एक तपासणी मला दोनदा करावी लागली.

पुढच्याच महिन्यात गेले. विमानापेक्षा सोलापूर-अणदूर एसटीलाच जास्त वेळ लागला. घरी फार बोलणं झालं नाही, आमच्यात ते कधी नव्हतंच. निघायच्या दिवशी मात्र आबांनी खिळ्यावरचं कॅलेंडर काढून माझ्यापुढं ठेवलं, पेन दिलं. "लिही."

पुढं कधी येणार ती तारीख मी लिहिली. शेजारी 'चार दिवस' असं लिहून सही केली. आबांनी चष्मा लावून वाचलं.

"देव दहा म्हैने हितं, दोन म्हैने तिथं. तुझं उलटं झालंय म्हणायचं."

उलटं म्हणजे दोन महिने तरी इथं. मी तर चारच दिवस लिहिले होते. ते त्यांनाही दिसत होतं. त्यांनी खाली आपली सही केली आणि कॅलेंडर परत खिळ्याला लावलं.

तेव्हापासून ते फोनवर कधी येणार असं विचारत नाहीत. घर म्हणजे मला आता एवढंच कळतं: त्या तारखेला आबा भाकरी बांधून फाटकाबाहेर उभे असतील, आणि उतरणाऱ्यांमध्ये मी असायला हवी.