तापल्या लोखंडावर पाणी

त्या दिवशी शेडात आम्ही चौघंच. झाडू मारणारी मी, माझी लेक, मशीनवरचे अण्णा आन तपासायला आलेले पुण्याचे साहेब.

बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात लेकीची वेल्डिंगची परीक्षा होती. दोन पत्रे जोडायचे, त्या जोडाच्या पट्ट्या कापायच्या आन मशीनखाली घोड्याच्या नालासारख्या वाकवायच्या. जोड फाटला की परीक्षा गेली. नवरा सोडून गेल्यापासनं दोन पोरी तिच्याच गळ्यात. पास झाली तर नोकरी पक्की होणार होती.

जोड मारून लेक पाणी प्यायला गेली. गरम पत्रा खालीच पडलेला. अण्णांचा पाय त्याच्यावर पडता पडता राहिला. शिव्या घालत ते पुढं गेले. माझ्या हातात बादली होती. कुणाचा पाय भाजंल म्हणून ओतली. चर्र झालं. तापल्या तव्यावर पाणी टाकलं की आई माझ्या हातावर मारायची, अशुभ असतंय म्हणून. पाणी तर लगेच उडून गेलं, डागबी राहिला न्हाई.

मी अण्णांना सहज इचारल्यागत इचारलं, "तापल्या लोखंडावर पाणी पडलं तर काय होतंय?"

"कडक होतंय अक्का, आपल्या सुपरवायझरगत. वाकत न्हाई, मोडतंय," म्हणून ते हसले.

सांगावं म्हटलं, पण झाडू उचलून कोपराच झाडत राहिले. तवर पट्ट्या कापून झाल्या. पहिली पट्टी वाकली, काही झालं न्हाई. मी झाडू घट्ट धरून देवाचं नाव घेत होते. दुसरी अर्धी वाकली आन टक् झालं. एवढासा आवाज. लेक आपल्या हातांकडं बघत राहिली.

"साहेब, पाणी मी ओतलं हो त्याच्यावर!"

साहेब म्हणाले, "मावशी, मुलीसाठी बोलताय, कळतं मला. पण हे आधी सांगितलं असतं तर दुसरा पत्रा दिला असता. आता कसं मानू?"

अण्णा बादलीकडं बघत होते, पण त्यांनी तरी मला ओतताना कुठं बघितलं होतं?

बसमधी लेक एवढंच बोलली, "आई, खरंच ओतलंस?" मी व्हय म्हटलं.

परीक्षा परत हाय, पुढच्या महिन्यात. त्या दिवशी मी शेडात पाऊल टाकणार न्हाई. आत्तापासनंच झोप न्हाई मला.

तुम्ही हे वाचताय तर एवढं करा. हातनं चूक झाली तर पट्टी वाकायच्या आधी सांगा.