खालचं बटन

"दादा, गावाकडून भावाचा फोन आला. मेंढरं घरी आली, बाबा न्हाई आले. घड्याळात पाहून जल्दी सांगा, कुठं हायत ते."

रेखाताईंचा फोन दुकानात आला तेव्हा दिवस कलला होता. नवीन जालन्यात स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका स्पोर्ट्सच्या दुकानात मी कामाला होतो. बूट, ट्रॅकसूट आणि स्पोर्ट्स वॉच असा माल. सेल्स मीच, सर्व्हिसही मीच. रेखाताई जालन्यातच एका बियाणे कंपनीच्या लॅबमध्ये नोकरीला. वडिलांसाठी त्यांनी आमच्याकडून घड्याळ नेलं होतं.

"ॲपमध्ये काय दिसतंय, ताई?"

"कालचाच नकाशा. आजचं काहीच न्हाई."

आजचं दिसणारच नव्हतं. का, ते समजायला घड्याळ घेतलं त्या दिवशीचं सांगावं लागेल.

ताईंचे वडील नामदेवमामा. राजूरच्या बाजूला एका खेड्यात मेंढरं राखायचे. हृदयाच्या नळीत स्टेंट बसवलेला. घरी बसा म्हटलं तर ऐकत नव्हते. साधा मोबाइल दिला, तो मेंढरांमागे फिरताना दोनदा हरवला. म्हणून ताई त्यांना घेऊन दुकानात आल्या. मागणी सरळ होती.

"स्वस्तातलं पाह्यजे. पण बाबा रानात कुठं हायत आन् ठोके बराबर पडून राह्यले का, एवढं मला लॅबमधी बसून कळलं पाह्यजे."

मी दोन-तीन मॉडेल काउंटरवर मांडली. मामांनी हिरव्या पट्ट्याचं घड्याळ लांब सारलं.

"काळा पट्टा दे रे बाबा. हिरवा पाहून एखादं मेंढरू मनगटासकट खाईन."

ताई हसल्या. मीही हसलो. मग मामांनी घड्याळाच्या मागचा हिरवा लाइट बघितला. मी सांगितलं, हा लाइट कातडीतून रक्तावर पडतो. प्रत्येक ठोक्याला रक्त कमी-जास्त होतं, तो फरक घड्याळ मोजतं.

"मेंढराचे पण मोजीन का?"

"लोकर काढावी लागेल, मामा."

आता जीपीएस. लोकांचा गैरसमज असा की, जीपीएस म्हणजे आपण कुठं आहोत ते दुसऱ्याला कळवणारं यंत्र. तसं नाही. वर उपग्रह असतात, त्यांचे सिग्नल घड्याळ ऐकतं आणि आपण कुठं आहोत याचा हिशोब मांडतं. रेडिओसारखंच आहे ते. रेडिओ ऐकतो, बोलत नाही. घड्याळानं बोलायचं तर त्यात सिमकार्ड हवं किंवा जोडलेला फोन सोबत हवा. सिमवालं घड्याळ महाग असतं, आणि आमच्याकडे ते नव्हतंच.

मी बोलायला लागलो, "ताई, यात सिम नाही, त्यामुळे..."

"अरे, आतून चार्जिंगची केबल आण," आमचे शेठ म्हणाले.

मी गोडाउनमध्ये गेलो. परत आलो तेव्हा बिल झालं होतं. मामा घड्याळाचं खालचं बटन दाबून बघत होते आणि शेठ मान डोलवत होते.

मी दाराबाहेर त्यांना गाठलं. म्हटलं, ताई, हे लाइव्ह दाखवत नाही. मामा घरी आले, तिथल्या फोनला घड्याळ जोडलं गेलं, की मगच दिवसभराचा नकाशा येतो.

"शेठ तर म्हणले, बराबर दिसतं. तुम्ही नवे हायत का इथं?"

मी आत आलो. "शेठ, तुम्ही त्यांना काय सांगितलं? ते घड्याळ कुणाला काही कळवत नाही."

"संध्याकाळी कळतं ना? मंग खोटं काय बोललो?"

"संध्याकाळी म्हातारा घरीच असतो! तेव्हा नकाशा काय करायचा?"

"तू घड्याळं विकायला आलास का पत्रकं वाटायला?"

हा टोमणा नेहमीचा होता. माझ्या घरात कामगारांची पत्रकं छापून यायची, गठ्ठे बांधायला मी असायचो, हे त्यांना ठाऊक होतं. मला त्या पत्रकांची लाज नाही. पत्रकांनीच मला एवढं शिकवलं की पूर्ण खोटं निदान पकडता तरी येतं. अर्धं खरं पावतीसकट घरी जातं.

आणि इथं तर त्या अर्ध्या खऱ्याला रोज पुरावा मिळत होता. गावातल्या घरी ताईंचा जुना फोन ठेवलेला असायचा. सकाळी मेंढरांचं वाडगं उघडताना मामा वरचं बटन दाबून घड्याळ सुरू करत. संध्याकाळी घरी आले की नकाशा ताईंच्या फोनवर उमटायचा. चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांनी मला तो पाठवला. खाली लिहिलं होतं, "बघा, दिसतं की." मी पुन्हा लिहून कळवलं, ताई, मामा घरी पोहोचल्यावरच दिसतं. त्यावर हसरा चेहरा आला.

फोनवर त्या संध्याकाळी मी एवढंच म्हणालो, "ताई, आजचं घड्याळातच आहे. ते आपल्याला दिसणार नाही. आधीच्या दिवसांचे नकाशे उघडा. रेघेचा गुंता कुठं दिसतो का?"

माणूस एका जागी बसला की घड्याळाचा हिशोब थोडा इकडे-तिकडे होतो आणि नकाशावर रेघेचा गुंता होतो. म्हणजे ती विसाव्याची जागा.

"हाय. ओढ्याच्या वळणावर. बहुतेक रोज तिथंच हाय."

"भावाला तिथं पाठवा."

त्यांनी फोन ठेवला. शेठ एका गिऱ्हाइकाला बूट दाखवत होते. मी नुसता फोनकडे बघत उभा होतो. बऱ्याच वेळानं मेसेज आला. "सापडले. गेले."

दहावा झाल्यावर रेखाताई दुकानात आल्या. हातात घड्याळ. भावानं मनगटावरून काढून डब्यात ठेवलं होतं, ते बंद पडलं होतं.

"शेवटच्या दिवसाचं याच्यात असंल ना?"

"असेल."

"काढून द्या."

शेठ गल्ल्यावर होते. त्यांनी मला डोळ्यानं खुणावलं, नको. मी घड्याळ चार्जिंगला लावलं. ताई स्टुलावर बसून राहिल्या. चहा आला, तो त्यांनी घेतला नाही. घड्याळ सुरू झालं. मी ते त्यांच्या फोनला जोडलं.

आधी नकाशा आला. रेघ गावातून निघाली, पडीक रानातून फिरली, ओढ्याच्या वळणावर गेली आणि तिथं गुंता झाला. मग ठोक्यांचा आलेख आला. गुंत्याच्या जागी तो एकदम वर चढला, मग वेडावाकडा झाला, मग खाली आला. पण संपला नाही. खालच्या खाली चालतच राहिला.

ताई म्हणाल्या, "गावात सगळे म्हणतेत, बसल्या जागी गेले, काही त्रास न्हाई झाला."

शेठ पटकन म्हणाले, "बिलकुल, ताई. लगेचच गेले असतील."

ताईंनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"दादा, त्या दिवशी तुम्ही दारात कायतरी सांगत होते, मी ऐकलं न्हाई. आज सांगा. लगेच गेले का?"

खोटं बोलणं सोपं होतं. दयेचं ठरलं असतं. पण त्या माझ्याकडे ज्या कारणानं आल्या होत्या, तेच मी मोडलं असतं.

"नाही, ताई. बराच वेळ होते."

त्यांनी मान हलवली. बोटानं स्क्रीन वर सरकवली. खाली एक यादी होती. लॅप, लॅप, लॅप. सरकवत राहिल्या तरी यादी संपेना.

"हे काय?"

"धावणारा मैदानाची एक फेरी पूर्ण झाली की बटन दाबतो. त्या फेरीला लॅप म्हणतात. खालच्या बटनानं तिची नोंद होते."

"बाबा तर बसलेले होते."

मलाही ते त्या क्षणी कळत होतं.

"शेठ," ताई म्हणाल्या. आवाज अजिबात चढला नव्हता. "बाबांनी तुम्हाला विचारलं होतं, रानात काही झालं तर काय करू. तुम्ही काय म्हणले होते?"

शेठनी गल्ल्याच्या काचेवर हात ठेवला.

"खालचं बटन दाबा मामा, लेकीला कळतं. असं म्हणले होते." मग नकाशातल्या गुंत्यावर बोट ठेवून त्या माझ्याकडे वळल्या. "इथून सडक किती लांब हाय?"

नकाशावर डांबरी रस्ता दिसत होता. फार लांब नव्हता.

"जाता आलं असतं त्यांना?"

"ते मला सांगता येणार नाही, ताई. घड्याळालाही नाही."

"मंग वाट पाहून राह्यलते," त्या म्हणाल्या. "बटन दाबून माझी वाट पाहून राह्यलते. अन् मी लॅबमधी बियाणं मोजून राह्यलते."

शेठ म्हणाले, "ताई, पूर्ण पैसे वापस देतो."

त्यांनी घड्याळ स्वतःच्या मनगटावर बांधलं. काळा पट्टा शेवटच्या भोकातही सैल होत होता. तसाच बांधून गेल्या.

मी शेठना म्हणालो, काउंटरवर पाटी लावू. ‘हे घड्याळ घरच्यांना काही कळवत नाही.’ ते म्हणाले, गिऱ्हाईक भिईल. मी म्हणालो, भिऊ द्या. ते म्हणाले, मी तसं मुद्दाम नव्हतो म्हणालो रे, म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून म्हणालो. ते खरंच होतं, यावर माझा विश्वास आहे. म्हणूनच तिथं राहणं मला जमलं नाही. वाईट माणसाशी भांडता येतं. बरं वाटावं म्हणून बोलणाऱ्याशी कसं भांडायचं?

आता मी त्याच रस्त्यावर दुसऱ्या दुकानात आहे. स्वस्त जीपीएस घड्याळ वाईट नसतं. पोलीस भरतीसाठी धावणाऱ्या मुलांना मी तेच देतो, त्यांचं काम चोख होतं. पण कुणी आई-बापासाठी मागितलं, तर मी एकच विचारायला सांगतो: घड्याळाला जे कळेल, ते कुणाला आणि कधी कळेल?

मग घड्याळ त्यांच्या हातात देतो, खालचं बटन दाबायला लावतो आणि थोडं थांबतो. ते माझ्याकडे बघतात.

"हे दाबलं की कुणी येत नाही," मी सांगतो. "आता पुढचं बोलू."