सेत्सूचा आवाज

यानागी बाजारात सकाळी दुकानांची शटरं वर जायला लागली की छपराखालच्या भोंग्यांतून हिसाए कुराताचा आवाज यायचा. तोफू कुणाकडे ताजा आहे, मासळी कुणाकडे उतरली आहे, आणि कृपा करून सायकलवरून उतरून चालत जा. एवढंच असायचं. पण लोक हातातलं काम थांबवून ऐकायचे, आणि सायकलवरून खरंच उतरायचे. तिचा नवरा चटया विणायचा, तो गिऱ्हाइकांना सांगायचा, "बायको माझी, पण आवाज सगळ्या गल्लीचा. मला घरी नुसत्या हाका ऐकू येतात."

हा आवाज पूर्वी कुठे कुठे राबला होता, हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं.

लग्नाआधी हिसाए तोक्योत आवाजाची कामं करायची. त्या धंद्यात बहुतेकींची दोन नावं असत. एक लहान मुलांच्या कार्टूनसाठी आणि दुसरं प्रौढांच्या खेळांसाठी. खेळ कसले, संगणकावर वाचायच्या चित्रकादंबऱ्याच त्या. चित्र समोर, खाली मजकूर, पात्रं बोलणार, आणि मध्ये मध्ये बिछान्यातले प्रसंग, कायद्याला घाबरून चौकोनी ठिपक्यांनी झाकलेले. कुणाला त्यात वावगं वाटायचं नाही. घरातले कपडे वेगळे आणि बाहेरचे वेगळे, तितकंच ते.

दुसऱ्या नावाने तिने सेत्सू केली. बंदरावर खानावळ चालवणारी, चाळिशीची विधवा. खेळ इतका चालला की टीव्हीवाल्यांनी त्याची सभ्य मालिका काढली. बिछाना गेला, ठिपके गेले, आणि सेत्सूसाठी हिसाएलाच बोलावणं आलं, या खेपेला खऱ्या नावाने. पण कुराताशी लग्न ठरत होतं. लोक दोन्ही आवाज ताडून पाहतील या भीतीने तिने घसा बसल्याचं कळवलं. मालिका दुसरीने केली आणि नाव काढलं. हिसाए चटयांच्या दुकानात आली आणि त्या दिवसांबद्दल तोंड मिटून बसली.

यंदा त्याच गोष्टीचा सिनेमा आला, आणि गल्लीच्या टोकाला जुने खेळ विकणाऱ्या तादोकोरोने काचेवर मूळ खेळाचं चित्र लावलं. चित्रात अंगभर किमोनो घातलेली सेत्सू दारात उभी. पण कोपऱ्यात प्रौढांसाठी असल्याचा शिक्का होता, आणि तो दंतवैद्याच्या बायकोला, ओगिवाराबाईंना दिसला. मग काय! ते चित्र काढावं म्हणून त्यांनी निवेदन लिहिलं, सह्या गोळा केल्या, बाजार समितीची बैठक लावली.

"बैठकीत निवेदन वाचायला कुराताताईच हव्यात," चार जणींना घेऊन चटयांच्या दुकानात आलेल्या बाई म्हणाल्या. "आमच्या तोंडून ती भांडणं वाटतील."

"माझा घसा जरा..." हिसाए पुटपुटली.

"अगं, सकाळी तर मासळीवर काय छान बोललीस!" नवरा मोठ्याने म्हणाला, आणि सगळे हसले.

नाही म्हणावं तर का, ते विचारतील. कसंबसं, अडखळत वाचायचं आणि खाली बसायचं, असं तिने मनाशी ठरवलं.

बैठकीत आधी थोडी खडाजंगी झाली. तादोकोरो साठीचा, विधुर, एरवी मान वर न करणारा माणूस. तो म्हणाला, "खेळ आत, पडद्यामागे आहेत. वय बघून देतो. कायदा सांगतो तेवढं सगळं झाकलेलं आहे."

"झाकावं लागतं म्हणजे लाजेचंच ना?" ओगिवाराबाई म्हणाल्या. "ती मालिका बघा. तीच गोष्ट, पण घरात सगळ्यांसमोर लावता येते."

"मी पाहिली ती, रडले पण," मासेवाली मध्येच म्हणाली. "फक्त शेवटी ती त्या खलाशाला दार का उघडत नाही, तेच कळलं नाही मेलं."

"कसं कळणार?" तादोकोरो म्हणाला. "ती रात्रच कापली. त्या रात्री झोपेत तो दुसरीचं नाव घेतो."

"शी!" कुणीतरी म्हणालं. मासेवाली मात्र विचारात पडली. हिसाएला ते झोपेतलं नाव ऐकून सेत्सूने सोडलेला श्वास आठवला. तो जमेपर्यंत तिने पुन्हा पुन्हा सोडला होता.

मग तिच्या हातात निवेदन आलं. ती उभी राहिली आणि घात झाला. पाठ आपोआप ताठ झाली, पोटात श्वास भरला. पहिलं पान संपलं तेव्हा तिने ते हवेत उचलून अलगद मागे नेलं, जराही कागद वाजू न देता. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत लागलेली सवय ती. दुसऱ्या पानावरचं पहिलंच वाक्य होतं: अशा खेळांना पैशासाठी आवाज देणाऱ्या बायकांना स्वतःची लाज नसेल, पण आम्हाला आमच्या मुलींची आहे.

ती अडखळली नाही. उलट 'लाज' या शब्दाआधी ती किंचित थांबली, आवाज खाली आणला, आणि तो सेत्सूचा आवाज होता. एका बाईने डोळ्यांना रुमाल लावला. तादोकोरोने मान वर करून आधी तिच्या हातांकडे आणि मग चेहऱ्याकडे पाहिलं.

वाचन संपल्यावर तो उठला, कमरेत वाकला. "उद्या काढतो," म्हणाला.

टाळ्या पडल्या. ओगिवाराबाईंनी हिसाएच्या हातात तांदळाच्या पापड्यांचा डबा ठेवला. "तुमच्याशिवाय झालं नसतं हो!" नवऱ्याची छाती फुगली होती. हिसाएला तो डबा तिथेच टाकून पळावंसं वाटलं, पण तिने दोन्ही हातांनी तो घेतला आणि वाकून आभार मानले.

दुसऱ्या दिवशी ती तोच डबा घेऊन तादोकोरोच्या दुकानात गेली. काच रिकामी होती. तो चित्राची गुंडाळी करत होता.

"तादोकोरोकाका, मला काहीतरी सांगायचंय."

"नका सांगू. तुम्ही लग्न होऊन आलात आणि भोंग्यावर पहिल्यांदा बोललात, त्याच सकाळी मला कळलं. बायकोला सांगितलं फक्त. शेवटी तिची नजर गेली होती. म्हणायची, सेत्सू लावा. त्या तसल्या जागा आल्या की म्हणायची, पुढे ढकला हो, गारठली असेल बिचारी." तो हसला. "सकाळी भोंगा वाजला की म्हणायची, सेत्सूचं बरं चाललंय, मासळी विकतेय."

हिसाएच्या डोळ्यांत पाणी आलं. ती काउंटरवर डोकं टेकवून म्हणाली, "मला माफ करा. मला ते वाचावंच लागलं. नवरा समोर होता, सगळी गल्ली होती..."

"हो ना, सुटका नव्हती. ते मला कळतं." त्याने गुंडाळीला रबर लावलं आणि ती बाजूला ठेवली. मग खरंच उत्तर हवं असल्यासारखं त्याने विचारलं, "पण ताई, इतकं चांगलं का वाचलंत?"