गेरूतलं पोट

शहाद्याच्या शाळेत आज व्यंगचित्र शिकवत होतो. बाहेर शिपाई कुंड्यांना गेरू लावत होता. त्या वासाने गावातली चावडीची भिंत आठवली.

तेव्हा ग्रामपंचायतीची निवडणूक होती आणि माझे सख्खे काका उभे होते. माझा हात चांगला, म्हणून विरुद्ध पॅनलने त्या भिंतीवर गेरूने काकांचं चित्र माझ्याकडूनच काढवून घेतलं. काका काटकुळे. मी त्यांना गाव खाऊन फुगलेलं, माठाएवढं पोट काढलं. खाली एक अक्षरही लिहिलं नाही.

काका सायकलवरून उतरून भिंतीपाशी आले. "हाई पोट मन्हं शे का रे, भाऊ?" हे पोट माझं का, एवढंच त्यांनी विचारलं.

त्यांना रोज बघणाऱ्या गावाने भिंतीवरचं पोट खरं मानलं. काका पडले.

'अतिशयोक्तीने मत पटतं,' मी फळ्यावर लिहिलं.

"सर, उदाहरण?" एका मुलीने विचारलं.

"पुस्तकात आहे," मी म्हणालो.