जांभळाची वाईन आणि पाचवे शील

किन्हीराजा गावाच्या अलीकडे, रस्त्याला लागून, जांभळाची वाईन तयार करणारा एक लहानसा कारखाना आहे. तेथे चव घेण्याची नोकरी मी करतो. या कामात कसा आलात, असे कोणी विचारले तर डाळमिल बंद पडली, एवढेच उत्तर माझ्यापाशी आहे. ते पुरेसे नाही, हे मला ठाऊक आहे.

जांभूळ पिकते तेव्हा आमच्याकडची हवा गरम आणि दमट असते. अशा हवेत रस आवरत नाही. सकाळी चवीला नीट वाटलेली टाकी संध्याकाळपर्यंत आंबून सिरक्याच्या वाटेला लागते. यंत्रही ते सांगते, पण जरा उशिरा. म्हणून प्रत्येक टाकीतला घोट तोंडात घ्यायचा, फिरवायचा आणि बादलीत थुंकायचा, असा नियम आहे.

रविवारी मी बुद्धविहारात त्रिसरण-पंचशील देतो. म्हणजे एकेक ओळ मी म्हणतो आणि सर्वजण माझ्यामागून म्हणतात. आवाज बरा असल्यामुळे हे काम माझ्याकडे आले. पाचवे शील मद्यापासून दूर राहण्याचे आहे. ते देताना मी पायाच्या अंगठ्याकडे पाहत असे.

ही गोष्ट महिला मंडळाच्या अध्यक्ष असलेल्या मावशींच्या लक्षात आली. नाल्याकाठचा दारूचा गुत्ता त्यांनीच बंद पाडला होता. वंदना संपल्यावर त्यांनी सर्वांदेखत विचारले, "बापू, तू तिथं काम करतो का पेतो?"

"मी थुकतो, मावशी."

"पाह्यल्याबिगर कसं समजन? तू शील देतो, आमी तुह्यामांगून म्हणतो. उद्या येतो आमी."

त्या खरोखरच आल्या, मंडळातल्या बायकांना घेऊन. मालकांनी खुर्च्या मांडल्या आणि चहा सांगितला. मी घोट घेतला, फिरवला, थुंकला. पुढच्या टाकीपाशी पुन्हा तेच केले. माझे काम इतक्या शांतपणे आजवर कोणी पाहिले नव्हते.

"एवढं महागाचं थुकून राह्यला बापा," एक बाई म्हणाली. "आमच्या घरचा तं एक थेंब सांडू देत नाई."

बाकीच्या हसल्या. मावशी हसल्या नाहीत. "घशाखाली काईच जात नाई?"

मालक माझ्याकडे मोठ्या आशेने पाहत होते. 'काहीच नाही' म्हटले असते तर विषय तेथेच मिटला असता आणि रविवार माझ्याकडे राहिला असता. त्या रविवारची मला किती गरज आहे, हे तेव्हाच कळले. आठवडाभरात मी जो काही बरा माणूस असतो, तो बहुधा त्या अर्ध्या तासातच असतो.

"जाते," मी म्हणालो. "थोडी जाते. अन् टाकी चांगली जमली असली तं थुकाले मले जरा उशीरच होते."

मालक चहाचे काय झाले ते पाहायला बाहेर गेले.

मावशींनी पदर सारखा केला. "मंग असं कर. चार शीलं तू देत जाय. पाचवं मी देतो."

"नोकरी सोडू का?"

"ते तुह्यं तू पाह्य. मी शीलाचं बोलून राह्यली."

नोकरी मी सोडलेली नाही. रविवारी चार शीले देऊन मी थांबतो. मागच्या रांगेतून मावशी पाचवे देतात आणि सर्वांबरोबर मीही ते त्यांच्यामागून म्हणतो. त्या वेळी माझा आवाज इतरांच्या वर जातो. मी तसे मुद्दाम करत नाही. मावशींनी तो जरा खाली ठेवायला सांगितले आहे.