अंजनेरीकडची बास्केट

ही हकिगत मी बरीच वर्षं टाळली. आमच्या संघाच्या त्या हंगामाबद्दल कुणी विचारलं की मी रंगात येऊन बोलायचो, प्रवास सांगायचो, जिंकलेले सामने सांगायचो, आणि शेवटच्या सामन्यापाशी आलो की चहा मागवायचो. सातपूरच्या कट्ट्यावर जुने कामगार अजून त्या सामन्याचा विषय काढतात आणि हसतात. ते जे सांगतात ते चुकीचं आहे. ते चुकीचं राहिलं, कारण मी ते तसं राहू दिलं.

सातपूरच्या एका कंपनीत मी टूलरूमला होतो. कॉलेजात असताना बास्केटबॉल खेळलो होतो, तेवढ्या भांडवलावर कंपनीच्या संघाचा कोच झालो. नव्वदच्या दशकात आम्ही जिल्ह्यात आणि राज्यात खेळायचो. मग दोन हजार साल उलटल्यावर कंपन्यांच्या संघांची एक राष्ट्रीय लीग सुरू झाली आणि तिच्यात आम्हाला जागा मिळाली. खेळण्याचा पगार मिळतो म्हणून आम्ही ‘व्यावसायिक’ ठरलो. आमचे व्यावसायिक सकाळी सहाला मशीनवर उभे राहायचे, दुपारी कँटीनमध्ये वरण-भात आणि संघासाठी मंजूर झालेली अंडी खायचे आणि चार वाजता मैदानावर यायचे. हातांना मशीनच्या कूलंटचा वास असायचा. चेंडूलाही तोच वास लागला होता.

आमचं मैदान उघड्यावरचं, सिमेंटचं. ज्याने ते आखलं त्याला खेळाची माहिती नसावी, कारण त्याने ते पूर्व-पश्चिम आखलं होतं. एक बास्केट कँटीनकडची आणि एक अंजनेरीकडची. संध्याकाळी सूर्य अंजनेरीच्या डोंगराकडे उतरला की तिकडे नेम धरणाऱ्याला रिंग दिसायची नाही, नुसता उजेड दिसायचा. म्हणून आमची एक रीत पडली होती. नियमाप्रमाणे बाजू फक्त मध्यंतराला बदलतात. आम्ही सरावात प्रत्येक क्वार्टरनंतर, पाव खेळ झाला की, बदलायचो, म्हणजे ऊन दोन्हीकडच्यांना सारखं. कुणी ठरवलं नव्हतं, वाद नको म्हणून झालं होतं. लीगचे घरचे सामने दिवे लावून व्हायचे, तेव्हा मात्र नियमाने खेळायचो. पण वर्षभर रोजची सवय ती होती.

आमच्या संघात एकच खेळाडू टेम्पररी होता. सायखेड्याचा, शेतकऱ्याच्या घरातला, इतका उंच की टूलरूमच्या दारातून वाकून यायचा. सगळे त्याला लंबू म्हणायचे. टेम्पररी माणसाला कंपनी काही महिन्यांनी ‘ब्रेक’ द्यायची, म्हणजे घरी बसायचं आणि परत बोलावण्याची वाट बघायची. लंबूचं लग्न ठरत होतं. मुलगी ओझरची, तिचे वडील तिथल्या विमान कारखान्यात कामाला. त्यांची अट एकच होती: जावई परमनंट पाहिजे. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, कारण लंबूच्या पोटात काही राहायचं नाही. हंगामाच्या सुरुवातीला पर्सोनेल ऑफिसरसाहेब मैदानावर आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, पहिल्या चारांत या, याला मी परमनंट करतो. त्या दिवसापासून प्रत्येक सामना लंबूच्या लग्नाचा झाला.

आणि काय हंगाम होता तो! आजही आठवला की बरं वाटतं. घरच्या सामन्याला कॉलनीच्या गच्च्यांवर बायका शाली गुंडाळून बसायच्या. डिसेंबरातली नाशिकची थंडी. दक्षिणेकडून आलेले खेळाडू बाकावर स्वेटर घालून कुडकुडायचे आणि त्यांचे गुडघे मोकळे होईपर्यंत आम्ही पुढे गेलेलो असायचो. जाताना त्यांना आम्ही द्राक्षांच्या पेट्या द्यायचो. हरलेला संघसुद्धा खूश होऊन जायचा.

बाहेरगावी जाताना रेल्वेच्या बर्थवरून लंबूचे पाय पॅसेजमध्ये यायचे आणि चहावाले त्यांना अडखळायचे. आमच्या संघात गार्डच्या जागेवर खेळणारा पोरगा मालेगावचा होता. त्याच्या घरी यंत्रमाग, त्यामुळे तो लहानपणापासून खडखडाटात मोठ्याने बोलायला शिकलेला. तो लंबूच्या पायांना रुमाल बांधायचा, म्हणायचा, फाटक बंद आहे हे लोकांना कळलं पाहिजे. लंबू हसत बसायचा. त्याच्या आईने दिलेल्या भाकऱ्या आणि ठेचा पहिल्या दिवशीच संपायचा, कारण तो स्वतः एक खाऊन बाकीच्या वाटून टाकायचा.

मालेगावकर त्याला लग्नावरून छळायचा. एकदा सरावात लंबूचे फ्री थ्रो लागोपाठ चुकले, तेव्हा तो मैदानाच्या दुसऱ्या टोकावरून ओरडला, “अरे नवरदेवा, अशानं ओझरचे लोक हळद परत मागतील.”

“मागू दे,” लंबू म्हणाला. “तुझ्या तोंडाला लावून पाठवतो.”

शेवटच्या सामन्याला गेलो तेव्हा आमचं चौथं स्थान पक्कं व्हायला एकच विजय हवा होता. सामना दक्षिणेतल्या एका शहरात, बंद हॉलमध्ये. लाकडी मैदान, दोन्हीकडे सारख्याच काचेच्या बास्केट, सारखेच पडदे. तिथे अंजनेरी नव्हती आणि कँटीनही नव्हतं.

लंबूचे चार फाउल झाले होते. पाचव्याला तो बाहेर गेला असता, म्हणून तिसरा क्वार्टर मी त्याला माझ्या शेजारी बसवून ठेवला. आम्ही थोडे पुढे होतो. शेवटच्या क्वार्टरसाठी त्याला उतरवलं. मी मनात त्यांच्या उंच सेंटरला कोण अडवणार याची जुळवाजुळव करत होतो. लंबूने शर्ट खोचला, मैदानात एक पाय टाकला आणि मागे वळून विचारलं, “सर, आपली कोणती हाय?”

मी मान वर केली. क्वार्टर संपला की बाजू बदलायची, हे माझ्या अंगात इतकं मुरलं होतं की विचार करावा लागलाच नाही. मी हात लांब केला आणि डावीकडची बास्केट दाखवली. ती आमची नव्हती, समोरच्यांनी नेम धरायची होती.

क्वार्टर सुरू होताना आमच्या कॅप्टनने उडी मारून चेंडू मागे टोलवला. तो लंबूच्या हातात आला. समोर मोकळं मैदान, एकही माणूस नाही. तो धावला. आमची पोरं ओरडत होती, पण हॉलमध्ये सगळेच ओरडत होते. त्याने उडी मारली आणि चेंडू इतका सुरेख टाकला की वर्षभरात तसा टाकला नव्हता. गुण समोरच्यांना मिळाले. वळून त्याने दोन्ही हात वर केले तेव्हा सगळा हॉल हसत होता.

आम्ही एका गुणाने हरलो.

पुढचा सगळा खेळ लंबूने मान खाली घालून खेळला. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. ड्रेसिंग रूममध्ये कॅप्टन त्याला बोलला, बाकीचेही बोलले. मी बुटांच्या नाड्या सोडत होतो. नाड्या सोडायला इतका वेळ लागत नाही.

परतीच्या गाडीत मालेगावकर दारापाशी माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. नेहमीचा मोठा आवाज नव्हता.

“सर, हात तुमचा होता. मी बघितला.”

मी म्हणालो, हो.

“मी नाय कुणाला सांगणार. तुम्ही सांगा. साहेबाला सांगा. त्याचं लग्न आहे.”

सांगतो, असं मी म्हणालो. आणि ते मी खरंच ठरवलं होतं. नाशिकरोडला उतरेपर्यंत माझं वाक्यही तयार होतं.

दुसऱ्या दिवशी पर्सोनेल ऑफिसरसाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. ते रागावलेले नव्हते, उलट मजेत होते. लीगमध्ये पहिल्याच वर्षी पाचवे आलो, वरचे लोक खूश आहेत, पुढच्या वर्षीसाठी दिवे वाढवून देणार आणि मला टूलरूममधून काढून पूर्णवेळ कोच करणार, असं त्यांनी सांगितलं. चहा मागवला. मग हसत विचारलं, “काय हो, तो लंबू झोपेत होता की काय?”

पूर्णवेळ कोच. हे शब्द मी कॉलेजपासून ऐकायची वाट बघत होतो. ते कानात ताजे असताना, ज्या कोचला बाजू कळत नाही तो कोच मीच, असं कसं म्हणायचं? मी कप हातात घेतला आणि म्हणालो, “नवखा आहे साहेब. गोंधळला.”

एवढंच. साहेब म्हणाले, बरोबर आहे, दबाव सोसला पाहिजे माणसाला. आणि महिनाअखेरीस लंबूला ब्रेक मिळाला. त्याला परत बोलावलं नाही. ओझरच्या लोकांनी काही दिवस वाट पाहिली आणि मुलगी दुसरीकडे दिली. पुढच्या हंगामात मी पूर्णवेळ कोच होतो. मालेगावकर वर्षभर माझ्याशी फक्त खेळापुरतं बोलला आणि मग त्याच्या भावाचा धंदा सांभाळायला निघून गेला. कॉलनीत कुणी उलट्या दिशेने स्कूटर घातली की लोक ‘लंबू आला’ म्हणायचे. मीही हसायचो.

मी निवृत्त झालो त्या सुमारास लंबूचा निरोप आला. नवं घर बांधलंय, वास्तुशांतीला या. मनाशी ठरवून गेलो. सायखेड्याला गोदावरीच्या काठाने त्याची रोपवाटिका दूरवर पसरलेली होती, टोमॅटोची आणि कोबीची रोपं ट्रेमधून हिरवीगार उभी. माणूस सुखात होता. केस थोडे पांढरे झाले होते, पण दारातून अजून वाकूनच येत होता. नव्या घराची दारं मात्र त्याने उंच करून घेतली होती. तरी वाकायचा, सवयीने.

त्याने मला सगळ्या पाहुण्यांत नेऊन बसवलं. “हे माझे कोच,” असं प्रत्येकाला सांगितलं. पंगत बसली तेव्हा त्याच्या मुलीने हट्ट धरला, ती गोष्ट सांगा, आणि तो पुरणपोळी हातात धरून सांगू लागला. कसा चेंडू मिळाला, कसा पळाला, कसा हॉल हसला. पाहुणे जेवायचे थांबून ऐकत होते.

“आन सर तर जागेवरून बोंबलत होते,” तो म्हणाला, “अरे मागं फिर, मागं फिर! पण मी ऐकतो व्हय?”

मी ओरडलो नव्हतो. त्याला ते माहीत होतं. त्याने स्वतःचा तो प्रश्न आणि माझा हात गोष्टीतून काढून टाकला होता आणि त्या जागी माझ्या बाजूची साक्ष घातली होती, सगळ्या गावासमोर. त्याची बायको मला तूप वाढत होती. ओझरचं स्थळ मोडलं म्हणून ती या घरात आलेली. इथे मी तोंड उघडलं तर नेमकं काय मोडेल आणि काय दुरुस्त होईल, मला कळेना. सगळे हसले. मी पण हसलो.

संध्याकाळी तो मला एसटीपर्यंत सोडायला आला. टोमॅटोची क्रेट त्याने स्वतः उचलून गाडीत ठेवली. गाडी सुटायला वेळ होता. कंडक्टर खाली उतरून पान खात होता, आजूबाजूला कुणी नव्हतं, आणि लंबू माझ्या समोर उभा होता, काही घाई नसल्यासारखा. बहुतेक तो मला वेळ देत होता. मी म्हणालो, टोमॅटो फार छान आहेत. तो म्हणाला, घरच्यांना द्या सर, लय टिकतात.

त्यानंतर त्याचा फोन दर दिवाळीला येतो. पावसाचं बोलतो, बाजारभावाचं बोलतो, माझ्या गुडघ्यांचं विचारतो. मी उत्तरं देतो आणि ठेवतो. त्या एसटीपाशी बोलायचं होतं ते असं होतं: अरे, तू विचारलंस, आणि मीच चुकीच्या बाजूला हात केला. गोंधळलो मी होतो, तू नाहीस. साहेबांनी विचारलं तेव्हा खरं सांगायला मला एक वाक्य पुरलं असतं, ते मी स्वतःसाठी गिळलं आणि तुझी नोकरी गेली. मला माफ कर.