झाकण उघडं आहे तोवर

दुसरी प्लेटही वाया गेली. डार्करूममधून ती ओलीच बाहेर आणून मी उजेडासमोर धरली. कमरेच्या सांध्याच्या जागी नुसता पांढरा धूर. नोंदवहीत पहिल्या ओळीखाली मी पुन्हा तेच लिहिलं : पेशंट हलला.

"आता किती शिल्लक?" डॉक्टरांनी विचारलं.

"या मापाची एकच. पुढचं पार्सल मुंबईहून यायला आठवडा लागेल."

"मग बांधा त्याला."

ही साठच्या दशकातली गोष्ट. नंदुरबारच्या एका लहान धर्मादाय दवाखान्यात मी एक्सरे घेत असे. त्याआधी धुळ्याच्या एका दैनिकाच्या डार्करूममध्ये होतो. फिल्म धुता येते, एवढ्या भांडवलावर ही नोकरी मिळाली. एक्सरेच्या फिल्मला तेव्हा सगळे प्लेटच म्हणत.

पेशंटचं नाव हिरालाल. वय तिशीच्या पुढे. तापीकाठच्या प्रकाशा या तीर्थाजवळच्या गावचा, केळी-कापसाच्या घरातला. बागेतल्या पाटात पाय घसरून कमरेवर पडला होता. बैलगाडीत गादी टाकून त्याला आणलं होतं. बरोबर मोठी बहीण जमनाबेन आणि चुलतभाऊ रतिलाल.

डॉक्टरांना एकच गोष्ट कळायला हवी होती. मांडीचं हाड खुब्याशी मोडून सरकलं असेल, तर त्याला आजच्या गाडीने सुरतेला ऑपरेशनसाठी पाठवायचं. मोडूनही जागेवर असेल, तर मुळीच हलवायचं नाही. हे प्लेटशिवाय कळणार नव्हतं. निर्णय चुकला तर माणूस जन्माचा लंगडा.

आमचं मशीन लहान होतं. हाताच्या फोटोला ते क्षणभर चाललं तरी पुरे. खुब्याला मात्र पूर्ण पाच सेकंद लागत, आणि तेवढा वेळ पेशंटने दगडासारखं पडून राहायचं. हिरालाल एक सेकंदही स्थिर नव्हता. तो बोलत नव्हता, नजर देत नव्हता, नुसता डुलत होता. अंगाला हात लागला की ओरडे. मशीनची घरघर सुरू झाली की आणखी जोरात. अशा माणसांना आज स्वमग्न म्हणतात. तेव्हा तो शब्द आमच्याकडे नव्हता. गावात दुसरे शब्द होते, ते इथे लिहीत नाही.

पहिल्या प्लेटच्या वेळी मी त्याची कापडी थैली दारातच काढून घेतली होती. एक्सरेच्या खोलीत धातू नको, हा नियम. दुसऱ्या वेळी रतिलाल, वॉर्डबॉय आणि मी, तिघांनी त्याला दाबून धरलं, बटण डॉक्टरांनी दाबलं. परिणाम नोंदवहीत होता.

वॉर्डबॉय पट्टे घेऊन आला, तशी जमनाबेन दारात आडवी उभी राहिली.

"बांधू नका, भाऊ. बांधशात ते तो वरडी, आनि पाय आखो मोडाई जाई. त्यानी थैली त्याले द्या."

"बेन, डबडा धरीसन हाड जुडस का?" रतिलाल म्हणाला.

"तू धरीसन जुडनं का?"

मी थैली उघडली. आत सात जुने कॅमेरे होते. सगळे स्वस्तातले, पत्र्याचे नाहीतर पुठ्ठ्याचे डबे. कुणाची काच फुटलेली, कुणाचा पट्टा तुटलेला. जमनाबेन सुरतेला नणंदेकडे गेली की भंगारवाल्याकडून एखादा उचलून आणी. फिल्म कशातच नव्हती. हिरालालने आयुष्यात एकही फोटो काढला नव्हता. तो फक्त खटका दाबायचा आणि आतलं झाकण उघडून मिटताना ऐकायचा. घरात पाहुणे आले, ढोल वाजले, की हे सात डबे घेऊन तो कोपऱ्यात बसे.

थैली हातात येताच त्याचं ओरडणं थांबलं. त्याने कॅमेरे छातीवर ओळीने मांडले. पहिला उचलला. खट. दुसरा. खट. डुलणं मंदावलं, पण थांबलं नाही. सहा कॅमेरे असे झाले. सातवा पत्र्याचा चौकोनी डबा होता. त्याच्या कडेची धातूची छोटी पट्टी त्याने आधी बाहेर ओढली, मग खटका दाबला.

आणि तो थांबला. डुलणं नाही, बोटांची हालचाल नाही. थोड्या वेळाने त्याने पुन्हा खटका दाबला आणि डुलणं सुरू झालं.

पट्टीचा अर्थ मला माहीत होता. अंधारात फोटो घ्यायचा असेल तर ती ओढायची. मग एकदा दाबलं की झाकण उघडतं, आणि पुन्हा दाबेपर्यंत उघडंच राहतं. पण हा का थांबला?

"परकाशाना मेळामा आम्हना फोटो काढा व्हता," जमनाबेन म्हणाली. "फोटोवालानी सांगं, झाकन उघडं शे तोवर हालानं नही. आजलोंग तो हालना नही."

"किती वेळ उघडं ठेवतो?"

"दहा मोजस. मंग बंद."

मी डॉक्टरांकडे पाहिलं. "मला पाचच लागतात."

"आणि त्याने तिसऱ्यालाच बंद केलं तर?"

"तर प्लेट गेली. बांधून तर जाणारच आहे."

डॉक्टरांनी वॉर्डबॉयला पट्टे परत न्यायची खूण केली आणि मला म्हणाले, "घ्या."

शेवटची प्लेट मी खुब्याखाली सरकवली. कॅमेरा छातीवर होता, फोटोच्या चौकटीच्या बाहेर. धातूचा नियम चौकटीपुरता होता; मी तो दारातच लावला होता. मग आम्ही सगळे मागे सरलो. हिरालालने क्रमाने सहा डबे वाजवले. त्याला कुणी घाई केली नाही. सातव्याची पट्टी ओढली. खट.

मी बटण दाबलं. मशीन घरघरलं. त्याचे डोळे विस्फारले, पण अंग जागचं हललं नाही. एक, दोन, तीन, चार, पाच. मशीन बंद झालं. तो तसाच पडून होता. आम्हीही हललो नाही. दहाला त्याने झाकण मिटलं, तेव्हा डॉक्टरांनी श्वास सोडला.

प्लेट इतकी स्वच्छ आली की हाडाच्या रेषा मोजाव्यात. मोड होती, पण टोकं एकमेकांत रुतून बसली होती.

"गाडीत घातला असता तर सुटली असती," डॉक्टर म्हणाले. "हा कुठेही जाणार नाही."

हिरालाल पुढचे कित्येक आठवडे आमच्याकडेच पडून राहिला. पायाच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, उशाशी सात डबे. केळीचा हंगाम संपता संपता तो काठी टेकत घरी गेला. नंतर तपासणीला आला तो काठीशिवाय. दवाखान्याच्या पायऱ्या स्वतः चढला. रतिलाल मागून थैली घेऊन येत होता, आणि सगळ्यांना सांगत होता की ही युक्ती मुळात आपलीच.

हिरालालने सातवा डबा काढून टेबलावर ठेवला, पट्टी ओढली आणि खटका दाबला. डॉक्टरांचं पेन कागदावर थांबलं. वॉर्डबॉय बादली उचलता उचलता थांबला. रतिलालचं वाक्य अर्धंच राहिलं. दहा होईपर्यंत अख्खा दवाखाना त्याच्या शब्दाबाहेर गेला नाही.

त्या दिवशी मी जुनी नोंदवही काढली. 'पेशंट हलला' या दोन्ही ओळी खोडल्या आणि त्यावर लिहिलं : आधी विचारलं नाही.